आई चालायला लागली, असं मी देवळात सांगितलं

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता प्रार्थना होते. त्याच वेळी कर्वेनगरच्या रस्त्यावर हॉर्नचा असा काही गोंधळ चाललेला असतो की देवाला आमचं ऐकायचं असेल तर मुद्दाम कान देऊन ऐकावं लागत असणार. एक गीत, थोडा शास्त्रपाठ म्हणजे बायबलमधला एखादा उतारा, आणि मग आईनं घालून दिलेला तो भाग, ज्याचा मला लहानपणापासून धाक आहे. प्रत्येकानं त्या दिवसाचा एक उपकार सांगायचा, म्हणजे देवाचे आभार कशासाठी मानायचे ते मोठ्यानं बोलून दाखवायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण आईचे नियम कडक. उपकार आजचाच हवा, कालचा शिळा चालणार नाही. 'आरोग्य दिलंस, अन्न दिलंस' असलं घाऊक काही सांगायचं नाही. आणि दुसऱ्याच्या वाईटावर आपलं चांगलं उभं करायचं नाही. शेजारच्या सोसायटीत पाणी आलं नाही आणि आपल्याकडे आलं, हा उपकार धरत नाहीत. शाळेत असताना मी एकदा सांगितलं होतं, "आज गणिताचे सर आले नाहीत." आईनं विचारलं, "का आले नाहीत?" मी म्हणालो, "ताप आलाय." "मग दुसरा शोध," ती म्हणाली. दुसरा सापडेपर्यंत जेवायला मिळालं नाही.

वडील गेले त्या दिवशी दफन करून आम्ही घरी आलो, तेव्हाही सात वाजता ती खुर्चीत येऊन बसली. मला वाटलं, आज तरी हे नसेल. पण गीत झालं, पाठ झाला, आणि ती म्हणाली, "आज लिफ्ट बंद होती. सोसायटीतल्या चार मुलांनी ह्यांना तीन जिने खाली नेलं. कुठे धक्का लागू दिला नाही. त्याबद्दल." मी उठून गॅलरीत गेलो. मला तिचा इतका राग आला होता की मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. हिला दुःखच होत नाही की काय, असं मला वाटलं. त्या दिवशी धरून उभं राहायला तिला तेवढी एकच गोष्ट सापडली होती, हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली.

अशी ही माझी आई गेल्या ऑगस्टच्या शेवटी कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरली आणि फुटपाथवरच्या उचकटलेल्या ब्लॉकला अडखळून पडली. वय अठ्ठ्याहत्तर. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, अकरा दिवस दवाखान्यात काढून आम्ही तिला घरी आणलं आणि हॉलमधे खिडकीशी कॉट लावली.

त्या वेळी मी घरीच होतो. सत्तावीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम केलं, समोर आलेला प्रत्येक भाग मोजून त्यावर 'पास' किंवा 'रिजेक्ट'चा शिक्का मारला, आणि एक दिवस कारखानाच दुसऱ्या राज्यात गेला. आम्हाला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवण्यात आलं. बायको शाळेत शिकवते, तिला सकाळी साडेसहाला निघावं लागतं. त्यामुळे दिवसभर आईपाशी मी. तोवर मला चहाशिवाय काही करता येत नव्हतं, आणि चहाबद्दलही घरात दुमत होतं.

आजारी माणसाचं सगळं करायचं असतं म्हणजे काय, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. पहिल्यांदा आईची पाठ पुसायची वेळ आली तेव्हा संकोचानं मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत होतो. आई म्हणाली, "भिंतीला साबण लावतोयस का?" बेडपॅन, पथ्य, गोळ्यांच्या वेळा, कुशीवर वळवताना कुठे धरायचं, सगळं शिकलो. चिडलोही पुष्कळ. हे आम्हालाच का, असं देवाला मी दिवसातून दोनदा तरी विचारत होतो, आणि ते विचारताना आवाजात नम्रता वगैरे काही नव्हती.

घरी आल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही तिच्या कॉटभोवती खुर्च्या मांडून बसलो. बायकोनं उपकार सांगितला, दवाखान्यातल्या आयाबाईंनी निघताना आईची वेणी घालून दिली होती, तो. मी सांगितला, खालच्या मजल्यावरच्या चाचांचा. चाचांचं पुण्याच्या लष्कर भागात घड्याळांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. त्यांच्या बायकोचा वॉकर त्यांनी माळ्यावरून काढला, चारही पायांना नवी रबरं बसवली आणि वर आणून दिला. "धुऊन पुसून दिलाय," एवढंच म्हणाले आणि चहालाही थांबले नाहीत. मग आईची पाळी आली. आम्ही वाट बघत होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "माझं सोडा. पुढे चला."

मला वाटलं, थकली असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. "माझं सोडा." चाळीस वर्षं आम्हाला उपकार शोधायला लावणारी बाई स्वतःच्या पाळीला गप्प बसायला लागली. दोन आठवड्यांनी मी न राहवून विचारलं, "आई, एकही सापडत नाही?" ती म्हणाली, "खोटे उपकार मानायची मला सवय नाही." आणि डोळे मिटून घेतले. रॉड घातलेल्या पायापेक्षा मला त्या वाक्याचीच जास्त भीती वाटली.

भीतीला कारण होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हाड जुळतंय, पण बाईंनी मनावर घेतलं नाही तर पायातली ताकद जाईल, आणि मग कायमचं अंथरूण. आणि आई मनावर घेत नव्हती. वारज्याहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, तोंडाला स्कार्फ बांधून, स्कूटीवर. मूळची यवतमाळकडची. ती आईला म्हणायची, "आजी, तुम्ही उगाच घाबरून राहिल्या. मी धरून आहे ना!" आई म्हणायची, "तू धरून आहेस, पण तुझं वजन किती?" मुलगी हसायची. आई हसायची नाही. परत पडायची भीती तिच्या अंगात इतकी शिरली होती की पाय कॉटखाली सोडले तरी ती थरथरायची.

ऑक्टोबरात एक दिवस आम्ही दोघांनी मिळून तिला उभी केली. वॉकर घट्ट धरून ती उभी राहिली. मुलीनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. आई खाली बसली आणि रडायला लागली. "झालं तेवढं पुरे. आता मला नका छळू," ती म्हणाली. मी तिला याआधी कधी असं रडताना पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासत उभा राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी ती गोष्ट घडली.

आई चर्चला देऊळ म्हणते, तिच्या पिढीतले सगळेच म्हणतात, आणि तिच्यामुळे मीही म्हणतो. आमच्या देवळात उपासनेत एक वेळ अशी असते की पाळकसाहेब विचारतात, कुणाला उपकारस्तुती करायची आहे का. मग ज्याला सांगायचंय तो जागेवरच उभा राहून सांगतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची मुलगी परीक्षेत पास, कुणाची चोरीला गेलेली स्कूटर धायरीच्या नाल्याशी सापडलेली. याला साक्ष देणं म्हणतात. मी कधी उभा राहत नाही. चारचौघांत देवाशी बोलणं मला जमत नाही.

पण त्या दिवसांत दर रविवारी दारातच लोक गाठायचे. "सलाम," आमच्यात भेटल्यावर असंच म्हणतात, "आई कशा आहेत?" प्रश्न चांगल्या मनानं असायचा, पण विचारणाऱ्याची मान एका बाजूला कललेली असायची. आणि मग सल्ले. कुणी तिळाचं तेल, कुणी अमुक डॉक्टर, कुणी तमुक उपास. एका काकांनी तर मला विचारलं, "तुमचा विश्वास कमी पडतोय का?" मी म्हणालो, "हो, आमच्या भागात पुरवठाच कमी आहे." बायकोनं हे ऐकलं असतं तर मला घरी चालत पाठवलं असतं.

ती त्या दिवशी आईपाशी घरी थांबली होती. मी एकटाच बाकावर होतो. पाळकसाहेबांनी विचारलं, आणि का कुणास ठाऊक, मी उभा राहिलो. 'आई चार सेकंद उभी राहिली,' एवढंच मला सांगायचं होतं. तेवढं खरं होतं आणि तेवढ्याचाच उपकार मानायचा होता. पण दीडशे माना माझ्याकडे वळल्या, सगळ्या कलत्या, आणि चार सेकंद ही गोष्ट मला एकदम फार लहान वाटली. माझ्या तोंडून आलं, "माझी आई चालायला लागली."

देवळात टाळ्या वाजत नाहीत, पण त्या दिवशी वाजल्या. "प्रभूची स्तुती असो," असं मागून दोघं-तिघं म्हणाले. सुधारायची संधी मला होती, चांगली अर्ध्या मिनिटाची होती. मी खाली बसलो. सत्तावीस वर्षांत न तपासलेल्या भागावर मी कधी शिक्का मारला नाही आणि तो मारला तर देवाच्या घरात.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की तीन आठवड्यांनी हंगामाचा सण आहे आणि या वर्षी पहिली टोपली आमच्या आईच वेदीपर्यंत घेऊन येतील, स्वतःच्या पायांनी. हंगामाच्या सणाला मंडळी आपापल्या कष्टाचं काही ना काही देवापुढे आणून ठेवतात. पहिली टोपली मंडळीतल्या सगळ्यात वयस्क बाईंची, अशी आमच्याकडची जुनी रीत. आधीच्या बाई गेल्या वर्षी वारल्या, त्यामुळे मान आईकडे आला होता. धरणीनं मला पोटात घ्यावं, असं वाटलं.

घरी मी काहीच सांगितलं नाही. रविवार गेला, सोमवार, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी बेल वाजली. दारात महिला मंडळाच्या अध्यक्षबाई आणि चार बायका, हातात केक आणि गाण्याची पुस्तकं. "सरप्राइज!" त्या म्हणाल्या. "आईंच्या चालण्याची उपकारस्तुती घरी येऊन करू म्हटलं."

त्या आत गेल्या. आई कॉटवर आडवी. त्यांना वाटलं, दुपारची झोप. सगळ्या गोल करून बसल्या, गीत म्हणाल्या, आणि अध्यक्षबाईंनी लांबलचक प्रार्थना केली, हे देवा, तू आमच्या आईंना चालवलंस, तू त्यांचे पाय बळकट केलेस. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी एक डोळा उघडून बघितलं. आईचे दोन्ही उघडे होते आणि दोन्ही माझ्यावर होते.

प्रार्थना संपल्यावर अध्यक्षबाई प्रेमानं म्हणाल्या, "आई, दोन पावलं चालून दाखवा ना. मी व्हिडिओ काढते, ग्रुपवर टाकू." आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही चहाला आलात की कवायतीला?" बायका हसल्या, चहा प्याल्या, केक कापला आणि गेल्या. तिनं मला त्यांच्यासमोर उघडं पाडलं नाही.

दार लागल्यावर ती म्हणाली, "इकडे ये. देवळात थाप मारलीस?"

मी सांगितलं सगळं. ती ऐकत होती. "मग काय सांगायचं होतं मी?" शेवटी माझाच आवाज चढला. "दर रविवारी तेच तेच. आई अजून झोपूनच आहे, आई उपकारसुद्धा मानत नाही आता, हे सांगू? तू एवढी आम्हाला शिकवणारी, तूच गप्प बसलीस, तर मी कशाच्या जोरावर उभा राहू?" हे बोलायचं ठरवलं नव्हतं. बोलून गेलो आणि लगेच वाटलं की बोलायला नको होतं.

आईनं उशाशी राहिलेली केकची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "चार सेकंद सांगायचे. देवाला चार सेकंद पुरतात. लाज तुला माणसांची वाटली. येत्या रविवारी उभा राहा आणि परत घे." मी म्हणालो, "मला जमणार नाही." ती म्हणाली, "मग मला काय विचारतोस?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस आमच्यात अबोला. शनिवारी सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, नेहमीसारखं पाय हलवायचे व्यायाम घ्यायला बसली, तर आई म्हणाली, "ते राहू दे. मला उभी कर." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्याच्याकडे काय बघतेस? त्याचीच करणी निस्तरायची आहे मला. ह्याची खोटी साक्ष माझ्या नावावर लागलीय."

त्या दिवशी ती बारा सेकंद उभी राहिली. पुढच्या दिवशी एक पाऊल. मग कॉटपासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून फ्रिजपर्यंत. प्रत्येक पावलाला ती मला बोलत होती. "डावीकडे धर. माझी डावी, तुझी नव्हे." "वॉकर मी चालवतेय की तू?" तिच्या कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे व्हायचे, पण ती थांबायची नाही. मला तिची दया यायची आणि अभिमानही वाटायचा, आणि हे सगळं माझ्या एका थापेमुळे चाललंय म्हणून रात्री नीट झोप लागायची नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेत मला आता उपकार शोधावे लागत नव्हते. "आज खुर्चीपर्यंत." "आज फ्रिजपर्यंत, न थांबता." एके दिवशी तर मी पाळी यायच्या आधीच बोललो. आई मात्र अजून म्हणत होती, "माझं सोडा." मी म्हटलं, "आई, आता तर चालतेस." ती म्हणाली, "फ्रिजपर्यंत चालणं म्हणजे चालणं नव्हे. तुमच्या कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर अजून तपासणी व्हायचीय."

सणाच्या चार दिवस आधी फ्रिजपाशी तिचा पाय सरकला. मी मागेच होतो. मी तिला धरलं आणि आम्ही दोघंही हळूहळू जमिनीवर बसलो. लागलं काहीच नाही. मुलीनं येऊन तपासलं, सगळं जागेवर होतं. पण आईचा चेहरा पहिल्यासारखा झाला. "पुरे," ती म्हणाली. गुरुवारी उठली नाही. शुक्रवारी उठली नाही. शनिवारी वॉकर भिंतीला टेकून तसाच उभा.

त्या शनिवारी दुपारी मी तिच्याशेजारी बसलो होतो. तिचे पाय चेपत होतो. हे पाय आता किती बारीक झालेत, हे बघून मला भडभडून आलं. तिला फ्रिजपर्यंत ओढून नेत होतो ते कुणासाठी, असा प्रश्न पडला. मी म्हणालो, "आई, तू उद्या चालायचं नाही. मी उभा राहतो आणि खरं काय ते सांगतो. तू फक्त माझ्याबरोबर ये."

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की."

"हं," ती म्हणाली. तिचा 'हं' मला पन्नास वर्षं ऐकूनही पुरता कळलेला नाही.

रविवारी आम्ही तिला व्हीलचेअरवरून नेलं. वॉकर घडी करून गाडीत टाकला, बायकोनं विचारलं, "कशाला?" आई म्हणाली, "चाचांचा आहे, घरात एकटा नको." देऊळ सजवलं होतं. दारात उसाची कमान, खांबांना ज्वारीची कणसं, वेदीच्या पायरीशी भोपळे. धायरीकडची मंडळी अजून थोडीबहुत शेती राखून आहेत, त्यांनी मेथीच्या जुड्या आणल्या होत्या आणि एकानं टोपलीखाली झाकलेली कोंबडी. आम्ही फ्लॅटवाले दरवर्षी सफरचंदं विकत घेऊन जातो, त्यांवरचे स्टिकरही काढायचे राहतात. पण आईनं या वर्षी सफरचंदं आणू दिली नव्हती. गॅलरीतल्या कुंडीत मिरचीची रोपं होती, दोन महिने मीच त्यांना पाणी घालत होतो, कारण तिनं कॉटवरून हुकूम सोडलेला असायचा. सकाळी तिनं त्या सगळ्या मिरच्या तोडायला लावल्या. छोट्या टोपलीचा जेमतेम तळ झाकला.

व्हीलचेअर बघून लोक बावरले. अध्यक्षबाईंनी लांबूनच भुवया उंचावल्या. आम्ही पहिल्या बाकाशी जागा घेतली. उपकारस्तुतीची वेळ आली आणि पाळकसाहेब काही बोलायच्या आतच मी उभा राहिलो. थांबलो असतो तर उभा राहिलो नसतो.

"तीन आठवड्यांपूर्वी मी इथे उभा राहून सांगितलं की आई चालायला लागली," मी म्हणालो. "ते खोटं होतं. तेव्हा ती चार सेकंद उभी राहिली होती, तेवढंच. तुम्ही सगळे विचारत होता आणि मला चार सेकंद सांगायची लाज वाटली. तुम्ही माझ्या आईसाठी देवाचे उपकार मानलेत, ते माझ्यामुळे वाया गेले. मी क्षमा मागतो."

कुणी काही बोललं नाही. टोपलीखालची कोंबडी तेवढी बोलली. पाळकसाहेब गोंधळले होते, पण माणूस मनानं चांगला. ते हळूच म्हणाले, "उपकार काही वाया जात नाहीत. बसा तुम्ही."

"बसू नकोस," शेजारून आईचा आवाज आला. "वॉकर उघड."

मी तिच्याकडे बघत राहिलो. "आई, अगं नको, मी सांगितलंय आता सगळं."

"म्हणून तर," ती म्हणाली. "आधी उठले असते तर ते तुझं झाकायला झालं असतं. आता मी माझी उठते. टोपली तू घे, मला दोनच हात आहेत."

बायकोनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. ती उभी राहिली. मग तिनं आम्हा दोघांचे हात कोपरानं बाजूला केले. पहिल्या बाकापासून वेदीच्या पायरीपर्यंत अंतर ते किती, एरवी आपण बोलता बोलता पार करतो. वॉकर पुढे, मग डावा पाय, मग उजवा. वॉकर पुढे. तिसऱ्या पावलाला ती थांबली, सगळं देऊळ थांबलं. माझा हात आपोआप पुढे गेला. ती न बघताच म्हणाली, "टोपली सांभाळ." मी टोपली सांभाळली. आणखी एक पाऊल. आणखी एक. माझ्या मनात त्या वेळी कुठलीही प्रार्थना नव्हती, नुसतं 'पडू नकोस, पडू नकोस' एवढंच चाललं होतं, आणि आता वाटतं की तीच असेल.

ती पायरीशी पोचली. पाळकसाहेब खाली उतरून आले. पहिली टोपली आणणाऱ्यानं ती कशाच्या उपकारासाठी आणली हे बोलायचं असतं. पाळकसाहेबांनी वाकून विचारलं, "आई, काय सांगायचंय?"

आईला धाप लागली होती. ती वॉकरवर भार देऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. ऑगस्टपासून तिनं एकही उपकार उच्चारला नव्हता, हे तिथे फक्त मला आणि बायकोला माहीत होतं. मला वाटलं, आताही ती म्हणेल, माझं सोडा.

"माझा मुलगा माझ्यासाठी इथे खोटं बोलला," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण कुणी हललं नाही. "आणि आज इथेच उभा राहून खरं बोलला. दोन्हीबद्दल."

पाळकसाहेबांनी टोपली घ्यायला हात पुढे केले, पण माझ्याच्यानं ती सोडवेना. गर्दीत रडायची मला सवय नाही. मी वडिलांच्या दफनालाही रडलो नव्हतो. त्या दिवशी मी वेदीसमोर, मूठभर मिरच्यांची टोपली छातीशी धरून, दीडशे माणसांसमोर हुंदके देऊन रडलो आणि मला कसलीही लाज वाटली नाही.

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. वॉकरवरचा एक हात तिनं सोडला, चालायला लागल्यापासून पहिल्यांदाच, आणि माझं मनगट धरलं.

"डोळ्यांना हात लावू नकोस," ती म्हणाली. "सकाळी मिरच्या तू तोडल्यास."